कुफोनिसी पायी बघायचं तर उलटं चाला

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांना मिळून समुद्राचा वीतभरही काठ नाही. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाचा समुद्र म्हणजे एक तर गणपतीपुळे, नाही तर अलिबाग. गाडी लावायची, भजी खायची, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि भरतीची वेळ विचारून मागे फिरायचं. ग्रीसच्या आनो कुफोनिसी बेटावर ही सवय घरी ठेवून जावं लागतं. तिथे गाडीची गरज नाही, भजी नाहीत आणि भरती-ओहोटी असून नसल्यासारखी. बेटाचे जवळपास सगळे चांगले बीच एका पायवाटेने जोडलेले आहेत आणि ती वाट अर्ध्या दिवसात संपते. चालण्याच्या सोयीला आम्ही दहापैकी नऊ गुण देऊ. सावलीला दोन, तेही खानावळींच्या मांडवांसाठी.

बेट किती लहान, तर सहा चौरस किलोमीटरच्या आत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३९९. नाक्सोस आणि आमोर्गोस या दोन मोठ्या बेटांच्या मधे लहान बेटांचा जो पुंजका आहे, त्यातलं हे एक. सगळ्यात उंच टेकाड शंभर-सव्वाशे मीटरच्या आतबाहेर. दौलताबादचा डोंगर जमिनीपासून साधारण दोनशे मीटर उठतो, म्हणजे जो माणूस अंधारीतून वर बारादरीपर्यंत न बसता जातो, त्याला इथे चढ म्हणून काही जाणवणार नाही. गोगाबाबा टेकडीवर रोज सकाळी जाणाऱ्या साठीच्या माणसालाही ही वाट झेपते. दम लागतो तो चढाने नाही, उन्हाने.

तिकीट काढताना दोन घोटाळे होतात. एक, कुफोनिसी नावाचं दुसरं बेट क्रीटच्या दक्षिणेला आहे. तिथे वस्ती नाही. नकाशात नुसतं नाव टाकलं की कधी कधी टाचणी तिकडे जाऊन बसते आणि माणूस क्रीटच्या विमानाचे दर बघत बसतो. दोन, आनो म्हणजे वरचं आणि कातो म्हणजे खालचं. कातो कुफोनिसी समोरच आहे, पण मोठी बोट आनोलाच लागते. काही जण आनोला पानोही म्हणतात. बेट तेच.

आता मुख्य मुद्दा. जवळपास सगळे जण गावातून, म्हणजे होरातून, निघतात आणि किनाऱ्या-किनाऱ्याने पूर्वेकडे चालत शेवटच्या बीचपर्यंत जातात. त्या बीचचं नाव पोरी. हसून घ्या, नंतर सवय होते. आमचं मत असं की हे उलटं करावं. सकाळी सातला गावातून निघून बेटाच्या मधल्या रस्त्याने आधी पोरी गाठावं आणि येताना किनाऱ्याने यावं.

कारण साधं आहे. गाव नैऋत्येच्या टोकाला, पोरी ईशान्येला. सकाळी किनाऱ्याने पूर्वेकडे चाललात तर सूर्य थेट डोळ्यांत आणि खाली पाण्यावरून उसळणारा उजेड पुन्हा हनुवटीखाली. उलट दिशेने आलात तर तोच सूर्य पाठीवर येतो आणि पाण्याचा रंगही खरा दिसतो. समोर ऊन असलं की पाणी नुसतं चांदीसारखं चकाकतं, पाठीशी असलं की हिरवं-निळं तळापर्यंत दिसतं. दुसरं, गावातून छोट्या बोटी माणसं घेऊन पोरीला पोचतात त्याआधी तिथे तुम्हाला दीड-दोन तास मोकळा बीच मिळतो. आणि तिसरं, जे आपल्या माणसाला लगेच पटेल: परतीच्या वाटेवर पाणी संपत जातं तसं गाव जवळ येत जातं. सरळ दिशेने गेलेला माणूस भर बारा वाजता सगळ्यात लांबच्या टोकाला रिकामी बाटली घेऊन उभा असतो.

मधला रस्ता साधारण तीन किलोमीटरचा, रमतगमत पाऊण तास. बघण्यासारखं विशेष काही नाही. दगडी बांध, वाळलेलं गवत, एखादं चर्च. मे महिन्यातलं जालन्याच्या आसपासचं माळरान आठवा, फक्त दोन्ही बाजूंना समुद्र ठेवा. अधूनमधून एखादी गाडी धूळ उडवत जाते. हा तुकडा सकाळच्या गारव्यात उरकून टाकण्याचाच आहे.

पोरी हा अर्धचंद्रासारखा लांब बीच. वाळू बारीक, उतार हळू, पोहायला न येणाऱ्यालाही छातीएवढ्या पाण्यात निवांत उभं राहता येतं. इथे एक गोष्ट मनाशी पक्की करून घ्यावी. कोकणात भरती-ओहोटीत पाण्याची पातळी दोन-तीन मीटरने वरखाली होते, त्यामुळे सकाळी दिसलेला बीच दुपारी गायब होतो. भूमध्य समुद्राच्या या भागात हा फरक काही सेंटीमीटरचा. जिथे चप्पल काढून ठेवली तिथेच ती सापडते. वाटही भरतीमुळे बंद होत नाही. ती अडते ती वाऱ्याने उठलेल्या लाटांमुळे, आणि त्या लाटा घड्याळ बघून येत नाहीत.

खारेपणाचंही तसंच. जगातल्या समुद्रांचं पाणी सरासरी लिटरला ३५ ग्रॅम मीठ बाळगतं, इथे ते ३८-३९ च्या आसपास आहे. आपल्याकडे जे पोहायला शिकले ते विहिरीत, कमरेला डबा नाही तर भोपळा बांधून. त्या गोड्या पाण्याच्या सवयीने इथे उतरलं की पाय आपोआप वर येतात आणि मान मागे जाते. पहिली दहा मिनिटं हात-पाय मारणं निम्म्यावर आणावं, शरीराला तरंगू द्यावं. डोळ्यांत पाणी गेलं तर चोळू नये. हाताला तेच मीठ असतं.

पोरीहून किनाऱ्याला लागलं की वाट बदलते. रस्ता संपतो आणि पिवळसर, खरखरीत खडकाचा सपाट पट्टा सुरू होतो. एका बाजूला काटेरी झुडपं, दुसऱ्या बाजूला चार-सहा मीटर खाली पाणी. बेटाचं नाव पोकळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं असं सांगतात, आणि ते का, हे इथे पायाखाली कळतं. लाटांनी खडक खालून खाल्लेला आहे. वरून जो काठ भक्कम ओटा वाटतो तो खालून कपार असतो. नदीच्या पुरानंतर काठाची माती कशी वरून जागच्या जागी दिसते आणि पाय ठेवला की ढासळते, तसा प्रकार. फोटोसाठी अगदी कडेवर जाऊन उभं राहू नये. कडेपासून दोन मीटर आत राहिलं तर फोटोत काही फरक पडत नाही. खडकाला कडेशी समांतर भेग दिसली तर तिच्या पलीकडे पाऊलच टाकू नये.

या पट्ट्यात खडकाला पडलेली मोठी भोकंही आहेत. त्यातल्या एकाला सैतानाचा डोळा म्हणतात. लाट खालून आत शिरते, दणका बसतो, फेस वर येतो. मुलं बरोबर असतील तर हात धरावा.

मग येते पिसीना. हिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण बेटावरची सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात फसवी जागा हीच. सपाट खडकात समुद्राने कोरलेलं एक गोलसर कुंड, चहूबाजूंनी दगडी काठ, आत निळंशार पाणी. खालून एका कमानीतून ते समुद्राला जोडलेलं आहे. मराठवाड्याच्या माणसाला ही जागा पाहिल्याबरोबर ओळखीची वाटते, कारण ती हुबेहूब विहिरीसारखी दिसते. आणि घात तिथेच होतो.

विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. पिसीनाचं पाणी श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं. बाहेर समुद्र शांत दिसत असला तरी दर काही लाटांनंतर एक मोठी येते, कमानीतून आत घुसते, कुंडातली पातळी हात-दोन हात वर जाते आणि तेवढ्याच वेगाने खाली ओढली जाते. काठाला धरून उभा असलेला माणूस त्या ओढीत खडकावर घासला जातो. हा खडक आपल्या काळ्या पाषाणासारखा गुळगुळीत नाही, किसणीसारखा आहे. गुडघे आणि तळहात सोलले जातात.

म्हणून आधी काठावर दहा मिनिटं नुसतं बसावं. घड्याळ लावून. सगळ्यात मोठी लाट पाणी किती चढवते आणि किती उतरवते ते बघावं. हा फरक हातभरापेक्षा जास्त असेल तर उतरू नये, ज्याला विहिरीत वरच्या थारोळ्यावरून सूर मारायची सवय आहे त्याने तर नाहीच. कमी असेल तरी उडी मारण्याआधी बाहेर कुठून येणार ते ठरवावं. आत जाणं कुणालाही जमतं, ओल्या शेवाळलेल्या दगडावरून वर येताना फजिती होते. वर यायचं ते लाट चढत असताना, पाण्यानेच आपल्याला उचललं की. उतरत्या पाण्यात धडपड केली तर पाय निसटतो. आणि कमानीतून पोहत बाहेर समुद्रात जाण्याची हौस स्थानिकांना असू द्यावी. पायात पाण्यात चालणारी रबरी चप्पल हवीच, कारण खडकाच्या खाचांत समुद्री साळिंदरासारखे काळ्या काट्यांचे गोळे बसलेले असतात. काटा मोडून टाचेत राहिला की पुढचे दोन किलोमीटर शंभर वाटतात. किटमध्ये बारीक चिमटा ठेवावा. काटा खोल गेला असेल किंवा सांध्याजवळ असेल तर उकरत बसू नये, गावातल्या दवाखान्यात दाखवावं. मोठं दुखणं असेल तर नाक्सोसच्या रुग्णालयात हलवतात. आणीबाणीचा फोन ११२.

इथून पुढची वाट सोपी आहे. प्लातिया पूंदा हा रुंद, सोनेरी वाळूचा बीच. लोक याला इटालिदा म्हणतात, एका इटालियन बाईवरून हे नाव पडलं असं सांगतात. पाण्याचा रंग बेटावर इथे सगळ्यात चांगला, हे आमचं ठाम मत. एक सूचना स्पष्टच करून ठेवतो. या बाजूच्या कमी वर्दळीच्या कोपऱ्यांत काही जण कपड्यांशिवाय पहुडलेले असतात, आणि तिकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असाल तर आधी सांगून ठेवा आणि बीचच्या गावाकडच्या बाजूला बसा. टक लावून बघणं आणि मोबाइल वर धरणं, दोन्ही टाळा.

इटालिदाला खानावळ धरून चालू नका, सावलीही नाही. त्यामुळे पाणी मोजताना हा पट्टा धरून मोजावं. माणशी दोन लिटर, तेही सकाळी निघतानाच बरोबर. पैकी अर्धा लिटर वेगळ्या बाटलीत ठेवा, प्यायला नाही, धुवायला. त्याचं कारण पुढे येतं.

मग फानोस, मग फिनिकास. दोन्ही ठिकाणी खायला-प्यायला मिळतं, म्हणजे सावलीही मिळते. फानोसला जरा गाणी-बिणी आणि तरुण गर्दी, फिनिकासला खुर्च्या टाकून निवांत जेवणारी कुटुंबं. सातला निघालेला माणूस पोरीला दोन तास, पिसीनाला अर्धा तास, इटालिदाला तासभर घालवून बारा-साडेबाराच्या सुमारास इथे टेकतो, म्हणजे ऊन डोक्यावर यायला आणि मांडव यायला एकच गाठ पडते. फिनिकासहून गाव पंधरा-वीस मिनिटांवर. गावातला बीच आमोस, धक्क्याला लागूनच, वाळू चांगली. पण तिथे संध्याकाळी जावं, पोरं फुटबॉल खेळतात ते बघायला.

किनाऱ्याचा हा परतीचा तुकडा न थांबता चालला तर सव्वा तासाचा. पाय दुखले तर अर्ध्यातून सुटायचीही सोय आहे: उन्हाळ्यात गाव, फिनिकास, फानोस, इटालिदा, पोरी अशा फेऱ्या करणाऱ्या छोट्या बोटी असतात. वेळापत्रक धक्क्यावर लावलेलं असतं, त्याचा सकाळीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेवटची फेरी कितीची, एवढं तरी पाठ करा. सुट्टे युरो लागतात, पन्नासची नोट पुढे केली की बोटवाल्याचा चेहरा आपल्या शहर बसच्या कंडक्टरसारखाच होतो. वारा वाढला की या फेऱ्या बंद पडतात, तेव्हा बोट मिळेलच असं धरून पाणी कमी घेणं ही चूक आहे.

पायात काय घालावं यावर सगळ्यात जास्त चुका होतात. कोल्हापुरी नको, खारं पाणी चामड्याची दोन दिवसांत वाट लावतं. स्लीपर नको, पिसीनाच्या पट्ट्यात अंगठ्यामधून पट्टा निसटतो. जाळीचे स्पोर्ट्स शूज पहिल्या बीचला ठीक, दुसऱ्यापासून आत वाळू भरते आणि मोज्याच्या आत घासून फोड येतात. मागे पट्टा असलेली, जाड रबरी तळव्याची सँडल सगळ्यात बरी. नवी कोरी घेऊन जाऊ नका. आपल्याकडच्या रस्त्यावर महिनाभर रोज चार-पाच किलोमीटर वापरून तिच्या पट्ट्यांना पाय ओळखू द्या. जिथे पट्टा घासतो तिथे आधीच चिकटपट्टी लावावी, फोड आल्यावर नाही.

आता ती अर्ध्या लिटरची बाटली. पोहून झाल्यावर ओल्या कपड्यांनिशी चालायला लागलं की मीठ सुकतं, त्याचे बारीक खडे होतात, वर वाळू, आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला सँडपेपर फिरवल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी चालणं तर सोडा, बसणंही जड जातं. यावर उपाय असा: पाण्यातून बाहेर आल्यावर वाळू ओली असताना झटकू नये, ती आणखी चोळली जाते. पाच मिनिटं वाळू द्यावी, मग हाताने झाडावी. पायांच्या बोटांमधे टाल्कम पावडर टाकली की चिकटलेली वाळू आपोआप सुटते. मग गोड्या पाण्याने मांड्या, काखा आणि मानेची मागची बाजू धुवावी, पुसावं, खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावं आणि कोरडी चड्डी घालून चालावं. जीन्स तर नेऊच नये. एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत ओली राहते.

उन्हाबद्दल आपल्या लोकांचा एक गैरसमज असतो. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणारा परभणी-नांदेडचा माणूस तिथले अठ्ठावीस-तीस अंश बघून म्हणतो, हे काय ऊन. वाराही गार. म्हणून तो टोपी घालत नाही, क्रीम लावत नाही आणि रात्री खांद्याला सदरा लागू देत नाही. वारा घाम लगेच सुकवतो, त्यामुळे भाजतंय हे कळत नाही. शिवाय वाळू आणि पाणी खालून उजेड परत फेकतात. जूनच्या शेवटी दुपारी सूर्य तिथे ७६ अंशांवर असतो, म्हणजे जवळपास डोक्यावरच. सावळ्या कातडीलाही हे सोसत नाही. कानाची पाळी, पावलाची वरची बाजू, गुडघ्यामागे, इथे क्रीम लावायचं हमखास राहतं. टोपी वाऱ्याने उडून समुद्रात जाते. आपली सुती दस्ती डोक्याला बांधून वर टोपी घातली तर दोन्ही टिकतात. मोठं उपरणं असेल तर उत्तम, ते सावली, टॉवेल आणि कपडे बदलायचा पडदा अशा तिन्ही कामांना येतं.

वारा हा बेटाचा खरा मालक. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो, कधी कधी सलग चार-पाच दिवस. चालण्याची वाट दक्षिण-पूर्व किनाऱ्यावर असल्यामुळे लाटा तिथे फार उठत नाहीत, पण वाळू उडते आणि पिंडऱ्यांना टोचते. त्याहून मोठी अडचण बोटींची. वारा ठरावीक जोराच्या पुढे गेला की बंदर खातं बोटी सोडू देत नाही. मोठ्या बोटींसाठी ही मर्यादा साधारण आठ बोफोर्टच्या (हे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) आसपास, लहानांना त्याआधीच थांबवतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नये. किमान एक पूर्ण दिवस अथेन्समध्ये हाताशी ठेवावा. हा एक दिवस वाचवण्याच्या नादात विमानाचं तिकीट बुडतं.

कधी जावं याचं उत्तर आपल्याकडच्या सुट्ट्यांत आहे. पंधरा ऑगस्टची जोडून सुट्टी पाहून बेत आखणारे पुष्कळ. नेमका तोच दिवस ग्रीसमध्ये मेरीमातेच्या सणाचा, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा. सगळं अथेन्स बेटांवर लोटतं, खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव विचारू नये असे. त्यापेक्षा मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा धरावा. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तोवर परत येता येतं. फक्त तेव्हा पाणी गार असतं, एकोणीस-वीस अंश. आपल्याकडची कुठलीही विहीर त्यापेक्षा कोमट. पोहणं महत्त्वाचं असेल तर सप्टेंबर, पाणी चोवीसच्या आसपास. ऑक्टोबरमध्ये खानावळी एकेक करून बंद होऊ लागतात.

कागदपत्रांत फार वेळ घालवत नाही. शेंगेन व्हिसा लागतो, प्रौढांची फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवस ही शेवटची हद्द. बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं, तेव्हा देवगिरी किंवा तपोवनने मुंबईची एक फेरी हिशोबात धरा. अथेन्स विमानतळावरून पिरेयस बंदराला मेट्रो थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. तिथून मोठी बोट, आठ तासांच्या आसपास. किंवा नाक्सोसपर्यंत यावं आणि तिथून एक्सप्रेस स्कोपेलितिस नावाची छोटी बोट घ्यावी, ती इराक्लिया, स्खिनुसा ही वाटेतली बेटं करत दोन-अडीच तासांत आणते. ज्याला घाटात गाडी लागते त्याने मोठीच बोट धरावी. स्कोपेलितिस वाऱ्यात चांगलीच डोलते.

खाण्याची काळजी शाकाहाऱ्यांनी करू नये, हुशारी मात्र ठेवावी. फावा मागा: पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वर ऑलिव्ह तेल, कांदा आणि लिंबू. गार झालेलं पिठलं जसं थाळीत बसतं, अगदी तसं. शेजारच्या स्खिनुसाचा फावा नावाजलेला आहे. उन्हाळ्यात व्लीता नावाची उकडलेली पालेभाजी मिळते, ती चक्क आपल्या माठ-तांदुळजाच्या कुळातली. फक्त फोडणी नाही, लसूण नाही, मिरचीचं तर नावच नाही. येसर किंवा शेंगदाण्याच्या चटणीची पुडी खिशात असली की ताटाला जीव येतो. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, भाकरी सोडली तर काही कमी वाटत नाही.

नीस्तीसिमो म्हणजे उपासाचं, हा शब्द कामाचा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती १ ते १४ ऑगस्ट उपास धरतात, त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य. पण या उपासाला ऑक्टोपस आणि कालमारी चालतात. म्हणून ताट नीस्तीसिमो आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नये, आत काय आहे ते विचारावं. कांदा नको असेल तर होरीस क्रेमीदी म्हणावं. आणि सगळ्यात मोठा सापळा: ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’. ‘मांस आहे का’ विचारलं आणि वेटर ‘ने’ म्हणाला की आपल्या कानाला ते नकारासारखं लागतं आणि ताट समोर आल्यावर उजेड पडतो. मान वर झटकून जिभेने चक् केलं तर तो नकार.

घरून न्यायच्या पिशवीबद्दल. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दूध-दुभतं आणि मांस नेता येत नाही, तेव्हा तुपाची बरणी, पेढे, खवा घरीच ठेवा. केसर आंबाही नको, ताज्या फळांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. धपाटे, शेंगदाणा चटणी, चिवडा बिनघोर न्या. पोरीला सकाळी आठ वाजता, रिकाम्या बीचवर, वाऱ्याकडे पाठ करून खाल्लेल्या धपाट्याला तिथल्या कुठल्याच नाश्त्याची सर नाही.

बेटावर गोड्या पाण्याची टंचाई आहे. नळाचं पाणी वापरायचं, प्यायचं ते बाटलीतलं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्या लातूरने पाहिलं, त्याला वेगळं सांगायला नको, पण सुट्टीवर गेलेला माणूस शॉवरखाली अर्धा तास उभा राहतो हेही खरं. आणि संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद असतात, तुंबले की खोलीवाल्या बाईंचं प्रेम आटतं.

परतीच्या वाटेवर समोर जे ओसाड, डोंगराळ बेट दिसत राहतं ते केरोस. तिथे परवानगीशिवाय उतरता येत नाही. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या संगमरवरी मूर्ती तिथे सापडल्या. वीणेसारखं वाद्य वाजवणारा आणि बासरीवाला या दोन मूर्ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. वाऱ्यासाठी राखलेला तो एक दिवस तिथे सत्कारणी लागतो. तेरचं लामतुरे संग्रहालय पाहिलेल्याला त्या दालनात जरा जास्त वेळ लागेल. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असं अंतर लिहून ठेवलं आहे. तेही पायी आणि बैलगाडीने मोजलेलं.

निघायच्या दिवशी धक्क्यावर अर्धा तास आधी जा. गाव जवळ असल्यामुळे लोक कॉफी संपवत बसतात आणि बोट दिसल्यावर उठतात. मोठी बोट इथे काही मिनिटंच थांबते. ती पाठमोरी धक्क्याकडे येते आणि पुरती टेकण्याआधीच मागचा लोखंडी दरवाजा खाली येऊ लागतो, साखळ्यांचा खडखडाट होतो, कर्मचारी ओरडून बाजूला व्हायला सांगतात. आधी उतरणारी माणसं आणि गाड्या, मग चढणारे. दरवाजाची पट्टी ओली आणि तेलकट असते, तेव्हा बॅग ओढत नेऊ नका, उचला, आणि तिकिटावर नाव असलेल्या बेटाची पाटी बघूनच सामान आतल्या रॅकवर ठेवा. चुकीच्या रॅकवर ठेवलेली बॅग तुमच्या आधीच दुसऱ्या बेटावर उतरते.